एका उबेत दोन पिल्ले

समजा, दिवाळीची सुट्टी संपता संपता तुम्ही घरी दहा पिल्ले आणली आहेत. घर चिखलीचे आहे असेही समजू. इंद्रायणीकाठचे हे शेतीचे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. वारकरी मंडळी आजही त्याला टाळगाव चिखली म्हणतात. आता चहूकडे कारखाने आणि उंच इमारती झाल्या असल्या, तरी जुन्या घरांमागे एखादे परसू आणि परसात एखादे खुराडे अजून सापडते. तुमच्याकडेही असे परसू आहे, आणि घरच्या मोठ्या माणसांनी पिल्ले पाळायला परवानगी दिली आहे.

दहापैकी पाच पिल्ले ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या जातीची आहेत. उरलेली पाच लेयरची, म्हणजे अंडी देणाऱ्या जातीची आहेत. दहाही पिल्ले एकाच दिवशी अंड्यातून बाहेर आली. दहाही पिवळीधमक, कापसाच्या गोळ्यासारखी. तराजूत घातली तर प्रत्येकी सुमारे चाळीस ग्रॅम भरतील. दुकानदाराने दोन खोक्यांवर निरनिराळी नावे लिहिली नसती, तर कोणते पिल्लू कोणते हे तुम्हाला ओळखताही आले नसते.

मग ती एकाच ब्रूडरमध्ये वाढवायला काय हरकत आहे? प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर मात्र असे आहे : पहिले आठ-दहा दिवस खुशाल वाढवा, त्यापुढे नको. असे का, ते आता पाहू.

पोटाखालची ऊब

गावात कोंबडी खुडूक झाली की तिला रवणावर बसवतात. एकवीस दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि त्यानंतरही कित्येक दिवस ती आईच्या पोटाखाली शिरताना दिसतात. हा केवळ लळा नव्हे. मोठ्या कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सियस असते व ते ती स्वतः टिकवू शकते. नवजात पिल्लाला पहिले दहा-पंधरा दिवस हे नीट साधत नाही. त्याच्या अंगावर पिसे नसतात, मऊ लव असते. शरीर लहान असल्यामुळे उष्णता भराभर निघून जाते. म्हणून बाहेरून ऊब द्यावी लागते.

अंडी उबवण केंद्रातून आलेल्या पिल्लाला आई नसते. तिची जागा ब्रूडर घेतो. पत्र्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे गोल कडे, खाली भुशाची गादी आणि वर टांगलेला बल्ब, एवढाच घरगुती ब्रूडर. कडे गोल असावे, कारण चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात पिल्ले एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. गादीसाठी भाताचे तूस किंवा सुताराच्या रंध्यातून निघणारा जाड भुसा चालतो. करवतीचा बारीक भुसा नको, कारण पिल्ले तो खाद्य समजून टिपतात. प्लायवुडचा किंवा रंग लावलेल्या लाकडाचा भुसाही नको.

बल्बची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तारेचा जुना बल्ब मिळालेल्या विजेतील बहुतेक भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. दिवा म्हणून तो उधळ्या, पण ब्रूडरमध्ये त्याची हीच उधळपट्टी आपल्या कामाची. एलईडी दिवा कमी विजेत भरपूर उजेड देतो आणि फारच थोडी ऊब देतो. नोव्हेंबरच्या थंडीत एलईडीच्या लख्ख प्रकाशात पिल्ले गारठून मरू शकतात! बल्ब साखळीने किंवा तारेने पक्का टांगावा, त्याच्या वायरवर लोंबकळत ठेवू नये. तो गादीवर पडला तर आग लागते.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर तापमान सुमारे ३५ अंश असावे. पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करत जावे. तापमापक हवाच, परंतु त्याहून चांगले तापमापक म्हणजे पिल्ले स्वतः. ती बल्बखाली दाटीने गोळा होऊन चिवचिवाट करू लागली तर ऊब कमी पडते आहे. पंख सैल सोडून, चोच उघडून कडेला पळाली तर ऊब जास्त होते आहे. सगळीकडे सारखी पसरून खात-पीत असली की समजावे, बेत जमला.

येथवर दोन्ही जातींची गरज एकच आहे. आता तराजू घेऊ.

तराजू काय सांगतो

पुढील आकडे आजच्या सुधारित जातींचे, साधारण व्यवस्थेतील आहेत. तुमच्या घरी थोडा फरक पडेल.

पहिल्या दिवशी : ब्रॉयलर ४० ग्रॅम, लेयर ३८ ग्रॅम.
एक आठवड्याने : ब्रॉयलर १७५ ग्रॅम, लेयर ६५ ग्रॅम.
दोन आठवड्यांनी : ब्रॉयलर ४५० ग्रॅम, लेयर ११५ ग्रॅम.
तीन आठवड्यांनी : ब्रॉयलर ९०० ग्रॅम, लेयर १८० ग्रॅम.
चार आठवड्यांनी : ब्रॉयलर १,४०० ग्रॅम, लेयर २६० ग्रॅम.
पाच आठवड्यांनी : ब्रॉयलर २,००० ग्रॅम, लेयर ३५० ग्रॅम.

पुन्हा एकदा वाचा. एकाच दिवशी जन्मलेली, वजनाने जवळजवळ सारखी असलेली ही पिल्ले. पाच आठवड्यांत एक पन्नासपट झाले, दुसरे नऊपट. तुमच्या वजनाच्या वर्गमित्राचे वजन महिन्याभरात तुमच्या पाच-सहापट झाले, तर त्याच्याबरोबर एका बाकावर बसणे तुम्हाला जमेल का?

ही वाढ आली कोठून?

“ब्रॉयलरला वाढीची इंजेक्शने देतात,” असे तुम्ही अनेकांकडून ऐकले असेल. हा समज चुकीचा आहे. वाढीचे संप्रेरक हे प्रथिन आहे. ते खाद्यातून दिले तर डाळीतल्या प्रथिनासारखे पोटात पचून जाईल. टोचायचे म्हटले तर हजारो पक्ष्यांना पुन:पुन्हा टोचावे लागेल आणि त्याचा खर्च पक्ष्याच्या किमतीहून जास्त होईल. (कुक्कुटपालनात प्रतिजैविक औषधांचा अविचारी वापर होतो, हा मात्र निराळा आणि खरा प्रश्न आहे. भारत सरकारने २०१९ साली खाद्य-जनावरांमध्ये कोलिस्टिन या औषधाच्या वापरावर बंदी घातली ती यामुळेच.)

खरे कारण आहे निवड. शेतकरी पुढच्या हंगामासाठी टपोऱ्या कणसाचे बी राखून ठेवतो, तसेच पैदासकार दर पिढीत सर्वांत भराभर वाढणाऱ्या पक्ष्यांचीच पुढची पिढी घेतात. कोंबडीची पिढी वर्षभराच्या आत उलटते. त्यामुळे माणसाच्या एका आयुष्यात पन्नास-साठ पिढ्यांची निवड होऊन जाते.

हिचा परिणाम मोजण्याचा एक सुंदर प्रयोग कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. तेथे १९५७ आणि १९७८ सालच्या कोंबड्यांचे वंश पुढे कोणतीही निवड न करता जसेच्या तसे जपून ठेवलेले होते. त्यांच्या सोबतीला २००५ सालची व्यापारी ब्रॉयलर जात घेतली. तिन्ही प्रकारच्या पिल्लांना एकच खाद्य आणि एकच व्यवस्था दिली. ५६ दिवसांनी वजने भरली ती अशी : १९५७ चा पक्षी ९०५ ग्रॅम, १९७८ चा १,८०८ ग्रॅम आणि २००५ चा ४,२०२ ग्रॅम. खाद्य एकच, दिवस तेवढेच. फरक होता तो फक्त आनुवंशिकतेचा.

ब्रॉयलरच्या घडणीत दोन जातींचा मोठा वाटा आहे. एक इंग्लंडची रुंद छातीची कॉर्निश, दुसरी अमेरिकेची प्लिमथ रॉक. कॉर्निशला पूर्वी ‘इंडियन गेम’ म्हणत, कारण तिच्या पूर्वजांत आपल्याकडील झुंजीची असील जात होती. लेयरचे मूळ निराळे. पांढऱ्या लेगहॉर्न कोंबडीचे नाव इटलीतील लिव्होर्नो बंदराच्या इंग्रजी नावावरून पडले आहे. हे सारे तुमच्यापासून फार दूर नाही. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली स्थापन केलेल्या वेंकटेश्वर हॅचरीज या समूहाचे मुख्य कार्यालय पुण्यात आहे. ‘व्हेनकॉब’ ही ब्रॉयलर आणि ‘बीव्ही-३००’ ही लेयर, दोन्ही या एकाच समूहाच्या जाती होत.

दोन्ही गुण एकीत का नाहीत?

कोणीही विचारील, भराभर वाढणारी आणि भरपूर अंडीही देणारी अशी एकच कोंबडी का तयार करीत नाहीत? याचे उत्तर जमाखर्चात आहे. कोंबडीने खाल्लेले अन्न म्हणजे तिची मिळकत. ती छातीच्या स्नायूंवर खर्च करायची की अंड्यांवर, हे शरीराला ठरवावे लागते.

लेयर कोंबडी अंगाने हलकी राहते आणि सुमारे एकोणीस-वीस आठवड्यांची झाली की अंडी देऊ लागते. चांगली जात पहिल्या वर्षभरात तीनशेच्या आसपास अंडी देते. प्रत्येक कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते आणि ते तिला जवळजवळ रोज नव्याने मिळवावे लागते. अशा शरीराला दोन किलो मांस बांधायला सवड कोठून मिळणार?

ब्रॉयलरची अडचण याच्या उलट आहे. तिची भूकच इतकी मोठी करून ठेवली आहे की पोट भरले तरी ती खात राहते. ज्या कोंबड्यांच्या अंड्यांतून ब्रॉयलरची पिल्ले निघतात, त्या आई-बापांना मोजूनमापून, भुकेपेक्षा कमी खाद्य द्यावे लागते. पोटभर दिले तर त्या अतिशय लठ्ठ होतात आणि अंडी देईनाशा होतात. म्हणजे पिल्लाने भराभर खावे म्हणून त्याच्या आईला अर्धपोटी ठेवावे लागते! माणसाने केलेल्या निवडीची ही किंमत आहे आणि तीही आपल्याला ठाऊक असली पाहिजे.

एकत्र ठेवल्यास काय बिघडते?

आता आपल्या ब्रूडरकडे परत येऊ. दहा दिवस उलटले आहेत.

पहिली अडचण खाद्याची. ब्रॉयलर पिल्लू भांड्याजवळच बसकण मारते. लेयरचे लहान पिल्लू मागे ढकलले जाते. शिवाय दोघांचे खाद्यही निराळे. ब्रॉयलरच्या सुरुवातीच्या खाद्यात २२ ते २३ टक्के प्रथिने असतात, लेयर पिल्लाला १८ ते २० टक्के पुरतात. पहिल्या काही दिवसांत यांपैकी कोणतेही खाद्य दोघांना चालते. परंतु अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीचे खाद्य कोणत्याही पिल्लाला कधीही घालू नये. त्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असते, पिल्लाला सुमारे एक टक्का लागते. जादा कॅल्शियम बाहेर टाकता टाकता पिल्लाची मूत्रपिंडे निकामी होतात.

दुसरी अडचण उबेची, आणि हिच्यामागे भूमितीचा एक नियम आहे. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे घनफळ १ घन सेंटिमीटर, पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. बाजू दुप्पट करा. घनफळ ८ झाले, पृष्ठफळ मात्र २४, म्हणजे चौपटच. शरीरात उष्णता तयार होते ती साऱ्या आकारमानात, बाहेर जाते ती पृष्ठभागावरून. म्हणून मोठे शरीर उष्णता धरून ठेवते आणि लहान शरीर ती लवकर गमावते. त्यात ब्रॉयलर खातो जास्त, म्हणून उष्णताही जास्त निर्माण करतो. तीन आठवड्यांच्या लेयर पिल्लाला जी ऊब सुखाची वाटते, तिच्यात ब्रॉयलर धापा टाकू लागतो. ऊब कमी केली तर लेयर पिल्लू कुडकुडते.

तिसरी अडचण गादीची. जास्त खाणारा पक्षी जास्त पाणी पितो आणि जास्त विष्ठा टाकतो. गादी ओली होते, अमोनियाचा उग्र दर्प सुटतो, डोळे चुरचुरतात. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे परजीवी फोफावतात. ब्रॉयलरने केलेल्या ओलीचा त्रास लेयरलाही भोगावा लागतो.

चौथी अडचण अंगाच्या चपळाईची. लेयर पिल्लाचे पंख लवकर फुटतात. दोन आठवड्यांत ते कड्यावर उडी मारून बसते. ब्रॉयलर जड असतो. त्याचे स्नायू इतके भराभर वाढतात की हाडे आणि हृदय मागे पडतात. पाय अधू होणे, हृदयावर ताण येऊन पोटात पाणी साचणे, हे त्याचे नेहमीचे विकार आहेत. थंडीत हृदयावरचा ताण आणखी वाढतो. बसून राहिलेल्या ब्रॉयलरच्या अंगावरून चपळ पिल्ले उड्या मारतात, आणि खाद्यापाशी तोच जड ब्रॉयलर लहानग्यांना रेटून बाजूला करतो. दोघांपैकी कोणीच सुखात नसतो.

मग करावे काय?

पहिले आठ-दहा दिवस एकच ब्रूडर वापरा, पण बल्ब मध्यभागी न टांगता एका टोकाला टांगा. म्हणजे एक टोक उबदार आणि दुसरे थंड राहील व ज्याला जे सोसेल ते तो निवडील. खाद्याची आणि पाण्याची भांडी एकाऐवजी दोन-तीन ठेवा. त्यामुळे कोणी एकटा सर्व अडवू शकणार नाही.

दहाव्या दिवसाच्या सुमारास मध्ये जाळी घालून दोन कप्पे करा. लेयरकडे ऊब चालू ठेवा. ब्रॉयलरकडची लवकर कमी करा, मात्र थंड वाऱ्याचा झोत लागू देऊ नका. ब्रॉयलरला शेवटी प्रत्येकी निदान एक चौरस फूट जागा लागेल. पहिल्या आठवड्यानंतर त्याचे खाद्य रात्री काही तास काढून ठेवले, तर वाढ थोडी मंदावते आणि पाय व हृदय यांना सावरायला वेळ मिळतो. पाणी मात्र कधीही काढू नये. भुसा रोज हलवावा, ओला भाग काढून टाकावा.

लसीकरणासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. राणीखेत किंवा मानमोडी रोगाची लस साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंबाने देतात. लेयर पिल्लाला मॅरेक्स रोगाची लस उबवण केंद्रातच पहिल्या दिवशी टोचलेली असते. ती टोचली आहे ना, हे विकत घेतानाच विचारावे. पिल्लांना हाताळल्यावर दर वेळी साबणाने हात धुवावेत, कारण निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. पक्षी अचानक एकामागून एक मरू लागले तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकांना कळवावे. देशातील बर्ड फ्लूची पहिली साथ २००६ साली आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळली होती, हे विसरू नये.

आणण्यापूर्वी ठरवा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लेयरची पिल्ले तुमच्या घरी तलंगा होतील, मग अंडी देतील आणि काही वर्षे अंगणात वावरतील. ब्रॉयलरचे तसे नाही. पाच-सहा आठवड्यांत तो मांसासाठी तयार होतो. ‘आम्हाला त्याचा लळा लागला, आम्ही त्याला मारणार नाही,’ असे म्हणून त्याला पोटभर खाऊ घालत ठेवले, तर ते वाढते वजन त्याच्या पायांना पेलत नाही. तो उभा राहीनासा होतो, पुष्कळदा हृदय बंद पडून मरतो. दया दाखवायची म्हणून आपण त्याला लांबलचक यातना देतो. जगवायचाच असेल, तर अगदी सुरुवातीपासून त्याचे खाद्य मोजके ठेवावे लागते आणि त्याला भरपूर चालते-फिरते ठेवावे लागते. म्हणून ब्रॉयलर कशासाठी आणायचा आणि पाचव्या आठवड्यात काय करायचे, हे पहिल्याच दिवशी घरच्यांशी बोलून ठरवा.

जत्रेत किंवा रस्त्याच्या कडेला गुलाबी, हिरवी रंगवलेली पिल्ले पाच-दहा रुपयांना विकताना तुम्ही पाहिली असतील. ती बहुधा लेयर जातीचे नर असतात. ते अंडी देत नाहीत, ब्रॉयलरसारखे वाढतही नाहीत. म्हणून उबवण केंद्राला ते नकोसे असतात. विकणाऱ्याच्या टोपलीत ऊब नसते, पाणी नसते. त्यांतली बरीच काही दिवसांतच मरतात. खेळणे म्हणून पिल्लू विकत घेऊ नका. परसात दोन्ही कामांसाठी पक्षी हवे असतील, तर वनराजा किंवा गिरिराजा यांसारख्या मध्यम जाती जास्त सोयीच्या. त्या ब्रॉयलरइतक्या वेगाने वाढत नाहीत, लेयरइतकी अंडीही देत नाहीत, पण आपल्या हवेत काटक असतात.

करून पहा

तुमच्याकडे किंवा ओळखीच्या पालकाकडे दोन्ही जातींची पिल्ले असतील, तर एक वही घाला. प्रत्येक जातीची तीन पिल्ले निवडून पायात रंगीत दोरा सैल बांधा आणि दर दोन दिवसांनी तो तपासा, कारण पाय जाड होत जातात. दर आठवड्याला एकाच वेळी, खाद्य घालण्यापूर्वी वजन करा. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर आठवडे आणि उभ्या अक्षावर वजन घेऊन दोन रेषा काढा. पहिल्या दिवशी दोन्ही रेषांचे बिंदू जवळजवळ एकावर एक पडतील. त्या कोणत्या दिवशी स्पष्टपणे वेगळ्या झाल्या, ते पाहा. तोच तुमच्या ब्रूडरमध्ये जाळी घालण्याचा दिवस.